सातवी खेप

माझा अभ्यासाचा विषय कोणता, असं आता कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, दमणं. तीस-बत्तीस वर्षं शाळेत खेळ शिकवला, पण खरं म्हणजे दमायचं कसं आणि दमल्यावर काय करायचं, एवढंच शिकवलं. पोरं पहिल्याच दिवशी जीव तोडून धावतात, मग कमरेवर हात ठेवून उभी राहतात आणि विचारतात, "बाई, पाय का उचलत नाहीत?" मी त्यांना सावलीत बसवायची आणि पाय का उचलत नाहीत ते सांगायची. आता निवृत्त झाले. भाईंदरला इंद्रलोकमध्ये चौथ्या मजल्यावर राहते. दोन्ही गुडघे कुरकुरतात आणि लिफ्ट महिन्यातून दोनदा तरी बंद पडते. मग भाजीची पिशवी घेऊन जिना चढायचा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबते, कठड्याला टेकते, आणि तिथे हटकून पेणकरपाड्याचा जिना आठवतो. त्या जिन्याबद्दल मी आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. पण सगळंच लिहून काढायला बसले आहे, तर तेवढं गाळून पुढे जाणं बरं दिसणार नाही.

पेणकरपाड्यातली आमची बिल्डिंग तळमजला अधिक तीन मजले अशी होती आणि आम्ही तिसऱ्यावर. लिफ्टचा प्रश्नच नव्हता. नळ घराघरांत होते, पण ते शोभेचे. पाणी वर चढतच नसे. सकाळी साडेपाचला खालच्या सामायिक नळाला, म्हणजे चावीला, तासभर पाणी यायचं आणि पाणी आल्याची वर्दी द्यायचं काम तळमजल्यावरच्या कोकिलाबेनकडे होतं. त्यांना पहाटे झोप नसे. चावीने खाकरल्यासारखा आवाज केला की त्या दारातून ओरडत, "पाणी आव्युं!" त्या एका हाकेवर चार मजल्यांवरची दारं उघडायची, भांडी वाजायची, सपाता फटफटायच्या, मुलं रडायची. आमच्या घराला नऊ खेपा लागत. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी ही एक खेप. पाच माझ्या, चार आईच्या. बाबा एका कंपनीत रात्रपाळीचे वॉचमन होते, ते आठला यायचे, तोवर चावी कोरडी. "तुमचं पाणी मी जागता पहारा देऊन राखतो," असं ते म्हणायचे आणि आईने डोळे वटारले की चहा मागायचे. माणूस प्रेमळ होता, पण त्यांच्या प्रेमाने हंडा वर चढत नसे.

आई स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होती. भाईंदर पूर्वेला तेव्हा गल्लोगल्ली असे गाळे होते. पॉलिश होऊन आलेली पातेली, डबे, पेले फडक्याने पुसायचे, कागदात गुंडाळायचे आणि खोक्यात भरायचे, हे तिचं काम. सगळं उभ्याने. बसायला स्टूल मागितलं तर मुकादम म्हणायचा, बसलं की हात चालत नाहीत. संध्याकाळी घरी आली की आई आधी भिंतीला पाय वर लावून आडवी व्हायची आणि मी तिच्या पोटऱ्या दाबायची. त्या इतक्या कडक असत की माझा अंगठा आत रुतत नसे. ती डोळे मिटून म्हणायची, "सुलू, तुझी मला बसून करायची नोकरी बघायचीय. टेबल, खुर्ची, वर पंखा. बाकी पगार किती न् काय ते नंतर बघू." रत्नागिरीकडून आलेल्या बाईचं मुंबईकडून मागणं एवढंच होतं, एक खुर्ची. मी पुढे क्रीडाशिक्षिका झाले, म्हणजे पुन्हा उभ्याचंच काम, ही गोष्ट वेगळी. आईने त्यावर कधी काही म्हटलं नाही. फक्त शाळेत पहिल्यांदा आली तेव्हा स्टाफरूममधली माझी खुर्ची कोणती ते विचारून तिच्यावर दोन मिनिटं बसून गेली.

ती खुर्ची मिळायची असेल तर ती खो-खोतून, असं आमच्या घरात ठरलं होतं. अभ्यासात मी बेताची. पण पळतीला उतरले की मी सापडत नसे. शाळेतले गावंड सर जवळच्याच गावचे, आगरी. घरची भातशेती, मैदानावर अनवाणी फिरायचे. एकदा त्यांनी आम्हा मुलींना खांबाभोवती बसवलं आणि सांगितलं, "पोरींनो, तुमच्या पायांत तीन चुली हायत. पहिली कापराची. भडकन् पेटते, तिला वारा पन लागत न्हाय, पन दहा आकडे मोजले का इझली. दुसरी रॉकेलच्या स्टोची. पंप मारला का जोरात जलते, वारा कमी असला तरी जलते, पन धूर करते. दीड-दोन मिन्टांत पाय जड व्हतात, मांड्या जलतात, तो तिचा धूर. तिसरी लाकडाची. तिला भरपूर वारा लागतो, ती हलूहलू पेटते, पन दिसभर चालते. खो-खोत तिन्ही लागतात. हूल द्यायची कापरावर, पलायचं स्टोवर, आन् मधी दम खायचा तो लाकडावर." बाकीच्या हसल्या. मी मात्र विचारलं, "सर, दिवसभर उभं राहणाऱ्या बाईची कुठली?" सर म्हणाले, "तिसरी. पन तिला कवातरी इझू द्यावी लागते, राख काढावी लागते. नायतर चूलच फुटते."

पुढे मी पुस्तकांतून हे सगळं मोठमोठ्या नावांनी शिकले, परीक्षा दिल्या, आणि सरांच्या तीन चुलींत फारसं काही चुकीचं नव्हतं हे पाहून मला बरं वाटलं. एकच गोष्ट त्यांनी चुकीची सांगितली होती. दुसऱ्या दिवशी पाय आंबतात ते त्या धुरामुळे, असं ते म्हणत. तेव्हा सगळेच म्हणत. तसं नसतं. ज्याला आम्ही धूर म्हणायचो तो तास-दोन तासांत निघून जातो. उलट हृदय आणि बाकीचे स्नायू त्याचंच सरपण करतात. दुसऱ्या दिवशीचं दुखणं असतं ते स्नायूच्या आतल्या बारीक धाग्यांना पडलेल्या चिरांचं, आणि त्या चिरा चढताना पडतात त्याहून जास्त उतरताना पडतात. ओझं नसलं तरी. रिकामा हंडा घेऊन भराभरा जिना उतरणाऱ्या बाईला हे सांगून बघा, ती तुम्हाला वेड्यात काढेल.

त्या वर्षी आमची शाळा आंतरशालेय अंतिम सामन्यात पोचली. जिल्ह्याचा संघ त्याच सामन्यातून निवडायचा होता. त्यात नाव लागलं तर कॉलेजात खेळाडूंच्या जागेवर प्रवेश, आणि पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. नाही लागलं तर मला आईच्या शेजारी फडकं घेऊन उभं राहायचं होतं. मुकादमाशी तसं बोलणंही झालेलं होतं. आणि नेमकी सामन्याच्या आठवडाभर आधी माझी नडगी दुखायला लागली. पाय टेकला की कळ यायची. तीन दिवस उरले तेव्हा आई कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन शाळेत आली. सरांनी नडगीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "काय न्हाय, जास्त झालंय. शेवटचे तीन दिस पुरा आराम. खेळ न्हाय, धावनं न्हाय."

आईने विचारलं, "आणि जिना, सर?"

"जिना तर बिलकूल नको," सर म्हणाले आणि दुसऱ्या मुलीकडे वळले.

सरांच्या मनात जिना म्हणजे शाळेचा जिना, उगाच वरखाली पळू नको एवढंच. पण आईच्या घरी शिक्षकाचा आणि डॉक्टरचा शब्द अक्षर न् अक्षर पाळायची पद्धत. औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची पट्टी असते ना, तसं. शिवाय तिचा हिशेब साधा होता. पाण्याचं पिंप न वापरता ठेवलं की भरलेलं राहतं, तसं पायातलं बळही न वापरता ठेवलं की साठत जातं. मग जिना नको म्हणजे घरीच नको. तिने त्याच संध्याकाळी माझी वळकटी, दप्तर आणि गणवेश उचलला आणि मला तळमजल्यावर कोकिलाबेनच्या घरी नेऊन ठेवलं. तीन दिवस. कोकिलाबेनना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे इंदुबेन, इसमें पूछने का क्या है? लडकी इधरच रहेगी, दीवान पे सोएगी." बाबा सकाळी घरी आले आणि म्हणाले, "मुलीला माहेरी पाठवतात ते ऐकलं होतं, तळमजल्यावर पाठवलेली पहिल्यांदा बघतोय." सगळी बिल्डिंग हसली. मीही हसले. त्यातलं पुढचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आईच्या आलं असणार, पण ती बोलली नाही.

कोकिलाबेनचं घर म्हणजे हिंगाचा वास आणि शिवणयंत्राचा आवाज. त्या एकट्याच राहत, फॉल-पिको करून पोट भरत. मला सकाळी थेपले आणि दुपारी खिचडी मिळायची, पण सरांनी भात भरपूर खायला सांगितला होता आणि आईला वाटे की आपल्या हातचा उकड्या तांदळाचा भात आणि सुकटीशिवाय पायांत काही उतरणार नाही. कोकिलाबेनच्या उंबऱ्याच्या आत सुकट जाणं शक्य नव्हतं. मग आई संध्याकाळी डबा घेऊन खाली यायची आणि मी बाहेर जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून जेवायची. ती समोर भिंतीला टेकून उभी. "अजून घे. सर म्हणाले ना भाताचंच बळ होतं." जाणाऱ्या-येणाऱ्यांना पाय आखडून वाट द्यायची आणि पुन्हा घास घ्यायचा. मला ते आवडत होतं, हे मी कबूल करते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझे पाय म्हणजे काही मोलाची वस्तू असल्यासारखं वागत होतं.

पहिल्या पहाटे "पाणी आव्युं" झालं आणि मी सवयीने उठले. आई दारातच उभी. "तू कशाला उठलीस? झोप." दार ओढून घेतलं तिने. मी दीवाणावर पडून राहिले आणि ऐकत राहिले. कोकिलाबेनच्या घराची मागची भिंत जिन्याला लागून होती, त्यामुळे प्रत्येक पाऊल उशाशी पडल्यासारखं ऐकू येई. इतक्या लोकांच्या पावलांतून आईचं पाऊल मला वेगळं ओळखू यायचं, कारण तिच्या जोडव्याचा डाव्या पायाला बारीक आवाज व्हायचा. पहिला मजला भराभर. मी मनात म्हणायची, कापूर. दुसऱ्या मजल्याकडे पावलं जरा लांबायची, हा स्टोव्ह. तिसऱ्यावर पोचेपर्यंत श्वासाचा आवाज जिन्यात भरून राहायचा. मग पिंपात पाणी ओतल्याचा धबधबा, आणि उतरताना रिकाम्या हंड्याचा कठड्याला टण्‌कारा. मी खेपा मोजत होते. नऊ झाल्या. पाणी जायला पाच मिनिटं असताना नववी झाली. माझ्या पाच तिने आपल्या चारात अशा घातल्या, की जणू काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशीही नऊ. पण आता शेवटच्या तीन खेपांना पावलं बदलली. दोन्ही पाय एका पायरीवर यायचे, मग पुढची पायरी. मी कोकिलाबेनना म्हटलं, "मी निदान खालच्या चावीवर भांडी लावून देते." त्या म्हणाल्या, "तेरी मम्मी मुझको मारेगी." आणि मला तेवढं कारण पुरलं. संध्याकाळी डबा घेऊन आई खाली आली तेव्हा मी विचारलं, "पाय दुखतात का गं?" ती म्हणाली, "पायांचं कामच ते. तू भात संपव."

तिसरा दिवस सामन्याचा. पाणी त्या दिवशी उशिरा आलं आणि दाब कमी होता, म्हणजे रांग मोठी आणि घाई जास्त. मी जागीच होते. गणवेश उशाशी घडी करून ठेवलेला. एक, दोन, तीन. चौथीनंतर आईचा श्वास मला तळमजल्यापासून ऐकू येत होता. सहावीनंतर ती चावीपाशी बराच वेळ कुणाशी तरी बोलली, आणि आई पाण्याच्या वेळी कधीच बोलत नसे. ती उभी राहायला कारण शोधत होती. मग सातवी खेप. पहिला मजला. जोडव्याचा आवाज, मग काही नाही, मग जोडव्याचा आवाज. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कळशी ठेवल्याचा आवाज आला. मग हंडा. आणि त्यानंतर काहीच नाही.

मी थांबले. आता उचलेल, आता उचलेल. नाही. वरून-खालून लोक जात होते, कुणीतरी "मावशी, बाजूला व्हा जरा" म्हणालं. पोटरीत गोळा आला असणार, हे मला दीवाणावर पडल्या पडल्या कळत होतं. दमलेला स्नायू आखडतो आणि सुटायचं विसरतो. पाय लांब करून, चवडा नडगीकडे रेटून कुणीतरी तो ताणून धरावा लागतो, एकट्याने नीट जमत नाही. सरांनी ते आम्हाला एकमेकींच्या पायांवर शिकवलं होतं. मला येत होतं. कोकिलाबेन यंत्रावरून उठल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बेटा, मम्मी रुक गई क्या?" त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले, त्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि ओरडल्या, "इंदुबेन! ठीक छे ने?"

वरून आईचा आवाज आला, "हो हो. कळशी हिंदकळली जरा."

मी उठले नाही. सरांनी जिना नको म्हटलं होतं म्हणून नाही, कोकिलाबेनना आई मारेल म्हणूनही नाही. मला त्या दिवशी जिंकायचं होतं आणि माझे पाय ताजे हवे होते, म्हणून मी उठले नाही. सोळा वर्षांची मुलगी होते, असं म्हणून स्वतःला माफ करायचा प्रयत्न मी बरेचदा केला आहे. त्यात भर म्हणजे पुढे शिकताना मला कळलं, की स्नायूतलं सरपण एका मर्यादेपर्यंतच भरतं. दीड-दोन दिवस नीट जेवलं आणि विसावलं की पिंप भरतं, पुढचं पाणी बाहेर सांडतं. नडगीची कळ तर दुसऱ्याच दिवशी गेली होती. तिसऱ्या सकाळी मी माझ्या पाच खेपा केल्या असत्या तर माझ्या सवयीच्या पायांना त्याचं काही वाटलंही नसतं. हे मला एका वर्गात, फळ्यावर आकृती काढणाऱ्या बाईंकडून कळलं. मी वही बंद केली आणि उरलेला तास खिडकीबाहेर बघत बसले.

वर पुन्हा आवाज झाला. हंडा उचलला गेला. जोडवं वाजलं. सातवी खेप वर पोचली. आठवी आणि नववी झाली नाही, पाणी गेलं.

सामना दुपारी होता. शेवटच्या पाळीत आमची पळती. मी दुसऱ्या तुकडीत. पहिली तुकडी बाद होऊन आम्ही तिघी आत गेलो तेव्हा साडेतीन मिनिटं उरली होती आणि आमच्याकडे तीन गुणांची आघाडी होती. एका मिनिटात माझ्या जोडीदारणी दोघीही बाद झाल्या. आघाडी एका गुणाची राहिली. मी बाद झाले की बरोबरी, आणि माझ्यामागून येणाऱ्या तिघी अगदीच नवख्या. पाळी संपायला अडीच मिनिटं, आत मी एकटी. मी कधी एवढा वेळ एकटी टिकले नव्हते. बसलेल्या आठजणींच्या मधून साखळीने निघाले. हूल, वळण, खांबापाशी अर्धा श्वास, पुन्हा हूल. एक मिनिट झालं तेव्हा मांड्या पेटल्या. दीड मिनिटाला गुडघ्यांखाली काही आहे की नाही ते कळेना. आता पाय थांबायला हवे होते, पण थांबले नाहीत. बाहेरून सर ओरडत होते, "दम खा! खांबाशी दम खा!" आणि माझ्या कानांत त्या ओरड्यापेक्षा मोठा एक आवाज चालू होता, जोडव्याचा. वाजायचा, थांबायचा, वाजायचा. शिट्टी झाली तेव्हा पाठलाग करणारी मुलगी माझ्यापासून हातभर लांब होती. तिने सूर मारला होता, ती तोंडावर पडली. आम्ही एका गुणाने जिंकलो. जिल्ह्याच्या यादीत माझं नाव लागलं.

सर पेढे वाटत होते. मी त्यांना तीन दिवस कुठे राहिले ते सांगितलं. त्यांचा हात पेढ्यांच्या पुड्यावरच राहिला. "आन् पानी?" त्यांनी विचारलं. शेतातल्या माणसाला तो प्रश्न लगेच सुचला. मी म्हटलं, आईने. सरांनी एक पेढा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा तिला."

घरी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. तीन दिवसांनी मी पहिल्यांदा तो जिना चढत होते, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझे पाय थांबले. खरंच थांबले, मी त्यांना सांगत होते आणि ते ऐकत नव्हते. मी खाली बसले. तेव्हा मला फरशीवर ते डाग दिसले. आमच्या कळशीच्या बुडाएवढे पांढरे गोल, एकात एक गुंतलेले, कोपऱ्यात दाटीवाटीने पडलेले. पाण्याचे क्षार साचून झालेले. एका दिवसाचे नव्हते ते. आई रोजच तिथे थांबत होती, आपल्या चार खेपांना सुद्धा, आणि मी रोज तिथून धावत गेले होते.

खालून जोडवं वाजलं. आई कामावरून येत होती. होय, त्याही दिवशी ती कामावर गेली होती. एक पाय ओढत, दोन्ही पाय एका पायरीवर घेत ती वळणापर्यंत आली, मला बघितलं आणि माझ्या शेजारी बसली. मी पेढा दिला. तिने तो कपाळाला लावला, अर्धा मोडून माझ्या तोंडात घातला. "लागलं नाव?" "लागलं." ती भिंतीला डोकं टेकून बसली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण तो वर यायला वेळ लागत होता.

मी तिचा पाय मांडीवर घेतला, टाच धरून चवडा नडगीकडे रेटला. ती कळवळली, मग हळूहळू पोटरी सुटली. मी म्हटलं, "आई, सकाळी तू थांबलेली मी ऐकलं होतं. मी जागी होते."

"मला माहीत आहे."

"मी आले नाही."

"मी तरी कुठे हाक मारली?" ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "तोंडापर्यंत आली होती. सुलू म्हणून. मग गिळली."

मी रडले. तिने रडू दिलं. रडणं आटोपल्यावर म्हणाली, "चल आता. उद्या पाच खेपा तुझ्या."

दुसऱ्या पहाटे "पाणी आव्युं" झालं तेव्हा मी आईच्या आधी उठले, बाहेरून कडी घातली आणि खाली गेले. तिने आतून एकदा दार हलवलं, मग हलवलं नाही. माझे पाय लाकडासारखे झाले होते. उतरताना प्रत्येक पायरीला मांड्यांतून सुई जात होती. पिंपात ओतायला कडी काढायची आणि निघताना पुन्हा घालायची, अशा नऊच्या नऊ खेपा मी केल्या. कशा केल्या ते सांगण्यासारखं काही नाही, बायका करतात तशा. शेवटची खेप आणून कडी काढली आणि पिंपात पाणी ओतलं तेव्हा आई अंथरुणावरच होती, छताकडे बघत. इतक्या उजेडात तिला पडलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"सातवीला थांबलीस," ती म्हणाली.

"हो."

"वळणावर."

"हो."

तिने पांघरुणातून हात बाहेर काढला, माझी पोटरी चाचपली आणि तिथेच धरून ठेवली.